अनोळखी हात

जनरेटर म्हटलं की मला गणपतीच्या मांडवामागे धूर सोडत धडधडणारं डिझेलचं यंत्र आठवतं. त्यामुळे निखत शिकलगार बाई "मास्तर, आज आपण पासवर्ड जनरेटर शिकायचा" असं म्हणाल्या, तेव्हा मी खुर्ची जरा मागे ओढून घेतली. प्रत्यक्षात कसलाच आवाज झाला नाही. फोनच्या पडद्यावर एक पांढरा चौकोन उमटला आणि त्याखाली ओळ आली: 'येथे बोटांनी टकटक करा. मनाला येईल तशी.'

मला हसू आलं. टकटक करणं हा माझा जन्मभराचा उद्योग. मी विरूपाक्ष हिरेमठ, मिरजेत तबला शिकवतो. शिकवत होतो म्हणा. आता विद्यार्थी येत नाहीत, कारण घरबसल्या तबला शिकवणारी यंत्रं निघाली आहेत आणि ती माझ्याइतकी चिडत नाहीत.

वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर, जिथे पूर्वी वर्तमानपत्रांचे गठ्ठे असायचे, तिथे आमचा वर्ग भरायचा. सगळे पिकल्या केसांचे. माझ्या शेजारी कुंभोजे काकू होत्या. त्यांनी पावट्याच्या शेंगा सोलाव्यात तशी कशीही बोटं मारली आणि त्यांचा पासवर्ड तयार झाला. अक्षरं, आकडे, मधेच एक चांदणी, अर्थ कशालाच नाही. त्यातला एक आकडा काकूंना अशुभ वाटला म्हणून त्या बदलायला निघाल्या, तर बाईंनी त्यांचा हातच धरला.

"काकू, हात लावू नका. तुम्ही बदललं की त्यात तुम्ही आला. तुम्ही आला की चोर आला."

मग माझी पाळी. मी साधी बोटं टेकवली. थोडं इकडे, थोडं तिकडे. यंत्राने विचार केला आणि लिहिलं:

'हा हात विरूपाक्ष हिरेमठ यांचा आहे. पुढच्या टकटकीचा अंदाज करता येतो. पासवर्ड तयार करता आला नाही.'

"बरोबर ओळखलं की," मी जरा फुशारकीनेच म्हणालो.

"तेच तर वाईट झालं, मास्तर," बाई म्हणाल्या.

निखतबाई आधी बँकेत होत्या. शाखा बंद झाल्या, माणसं घरी गेली, तेव्हा त्यांनी हा वर्ग सुरू केला. समजावून सांगायची त्यांची पद्धत चांगली, पण माझं टाळकं जड. दोन-तीनदा सांगितल्यावर जे शिरलं ते असं.

माणूस स्वतः पासवर्ड ठरवतो तेव्हा तो आकाशातून काही आणत नाही. मुलीचं नाव, लग्नाचं साल, कुलदैवत, असलंच काहीतरी उलटंपालटं करून ठेवतो. पूर्वी चोरांना ते चाचपडत शोधावं लागायचं. मग अंदाज बांधणारी यंत्रं आली. लोक त्यांना अंदाज्या म्हणतात. अंदाज्या माणसाचं जगात दिसेल ते सगळं वाचतो, सापडेल ते सगळं ऐकतो आणि हा गृहस्थ काय निवडेल ते सांगतो. बाईंनी माझा जुना पासवर्ड वर्गातल्या अंदाज्याला विचारला. मी चहाचा पेला तोंडाला लावेपर्यंत उत्तर आलं होतं आणि ते बरोबर होतं.

"मग यंत्रानेच एखादा ठरवावा," मी म्हणालो. "त्याला कुठे मुलीचं नाव आहे?"

"यंत्र गणित करतं, मास्तर. गणिताची सुरुवात ज्याला कळली त्याला शेवट कळतो. फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप होती, पण तिच्यातच कुणीतरी चोरवाट ठेवलेली निघाली. तेव्हापासून नियम झाला, सुरुवात माणसाच्या अंगातून घ्यायची. दोन टकटकींच्या मधे किती वेळ गेला हे यंत्र अगदी बारीक मोजतं, सेकंदाचे हजार तुकडे करून. ते शेवटचे तुकडे तुमच्याही हातात नसतात. त्यातून पासवर्ड शिजवायचा. कुणाला सांगायचा नाही, लक्षात ठेवायचा नाही. तिजोरीत जाऊन बसतो तो, तुम्ही फक्त अंगठा लावायचा."

"म्हणजे तो माहीत कुणाला?"

"कुणालाच नाही."

मला ते ऐकून कसंतरीच झालं. आपल्या घराची किल्ली आणि ती आपल्यालाही अनोळखी.

तर या जनरेटरच्या पोटातही एक अंदाज्या बसवलेला असतो. तुम्ही बोटं मारत असता तेव्हा पुढची टकटक केव्हा पडणार हे तो मनातल्या मनात सांगत असतो. त्याचं बहुतेक चुकलं तर पासवर्ड पक्का. बहुतेक बरोबर आलं तर तुमची टकटक कुचकामी. कुंभोजे काकूंना जगात कुणी ऐकलेलं नाही. माझे मात्र तबल्याचे ढिगाने धडे पूर्वीपासून इंटरनेटवर जाहीर आहेत आणि जगातल्या प्रत्येक अंदाज्याने ते ऐकलेत. मी मैफलीत लोकांना चकवायचो. आता मला चकवणं जमेना.

"दिवाळीच्या आत करून टाका," बाई म्हणाल्या. "माणसाने ठरवलेले पासवर्ड दिवाळीनंतर चालणार नाहीत. राहिलेली खाती कायमची मिटणार आहेत. आणि एक. तुम्ही आज बदल सुरू केलाय, म्हणजे जुनं कुलूप निघालंय. नवं लागेपर्यंत तुम्हालाही आत जाता येणार नाही."

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलंही असेल. मी तेव्हा फुशारकी मारत होतो.

---

त्या खात्यात गिरिजा होती.

गिरिजा माझी बायको. ती जाऊन दुसरं वर्ष चालू आहे. ती पेटी वाजवायची, पण पेटीवादक असं तिला कुणी म्हटलं नाही, कारण ती फक्त लेहरा वाजवायची. तबलजी एकटा वाजवतो तेव्हा शेजारी कुणीतरी पेटीवर एकच छोटी चाल फिरवत बसतं, सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा तीच. तो लेहरा. तबलजीने कुठेही भटकावं, लेहरा त्याला घर कुठे आहे ते सांगत राहतो. टाळ्या तबल्याला पडतात. लेहऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, तो चुकला तरच लोकांच्या लक्षात येतं.

गिरिजाचा चंद्रकंस रागातला लेहरा कधी चुकला नाही. एक खोड मात्र होती. तालाचा अर्धा भाग सरला, म्हणजे खालीची मात्रा उलटली, की ती केसभर पुढे सरकायची. कारण काहीही नाही, तिच्या चुलीवर नेहमी काहीतरी असायचं. ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं, आणि मी समेवर येताना तेवढं सांभाळून घ्यायचो. एवढ्या वर्षांत ते माझ्या हातात असं मुरलं की लेहरा वाजवणाऱ्या यंत्राबरोबर बसलो तर मीच आधी पोहोचतो आणि यंत्राची वाट बघत बसतो.

जाहीर धड्यांत तिचा फक्त लेहरा आणि खाली नाव आहे. पण ध्वनिमुद्रण सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचं सगळं मी खात्यात ठेवलेलं होतं. त्यात ती बोलते. "आता पुरे, दूध उतू जाईल." "त्या पोराला किती ओरडता हो, घाबरून त्याची बोटं वळेनात." एकदा नुसतीच खोकते आणि म्हणते, "हं, चला." मी रोज संध्याकाळी त्यातलं एखादं लावायचो. "हं, चला" ऐकलं की उठून दिवा लावायचो आणि खानावळीचा डबा उघडायचो.

खातं मिटलं तर ते गेलं. आणि जुन्या कच्च्या कुलपावर तसंच ठेवलं असतं तर त्याहून वाईट. माझा मित्र सदाशिव आवटी वारल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मला त्याचा फोन आला होता. "विरू, जेवलास काय?" तोच घोगरा आवाज, तेच मधे नाक ओढणं. कुणीतरी त्याच्या खात्यातून आवाज चोरून बोलता केला होता. थोड्या वेळाने तो मला फोनवर अमुक बटण दाब म्हणून सांगू लागला. मी दाबलं नाही, तेवढी अक्कल होती. पण फोनही ठेवला नाही. हा सदाशिव नव्हे हे माहीत असून मी त्याच्याशी बराच वेळ बोललो, कारण त्या आठवड्यात मला जेवलास काय असं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

उद्या गिरिजाचा आवाज कुणाला असा फोन करेल, हे माझ्याने सहन झालं नसतं. आणि तो फोन मलाच आला असता तर मी ते बटण दाबलं असतं. हे मी स्वतःला साफ सांगून टाकलं.

---

मग मी कामाला लागलो. डाव्या हाताने मारलं. यंत्राने विरूपाक्ष हिरेमठ लिहिलं. डाव्याने आयुष्यभर डग्गा वाजवला, तो हात तरी अनोळखी कसा असणार? पायाने मारून बघितलं. गुडघ्यावर फोन ठेवून नाकाने मारलं. खिडकीतून कुणी बघितलं असतं तर मुलीला कळवलं असतं.

निखतबाई म्हणाल्या, "पडद्यावरच मारायला पाहिजे असं नाही. खाली माइकचं चित्र आहे, ते दाबा. मग टेबल वाजवा, भांडं वाजवा, काय वाटेल ते करा. यंत्र नुसतं ऐकत बसतं."

मी रिक्षात बसून स्टेशनपर्यंत जाऊन आलो, वाटेवरच्या खड्ड्यांनी तरी हात चुकावा म्हणून मांडीवर बोटं आपटत. खड्डा आला की हात चुकायचा आणि पुढच्या क्षणी आपोआप लयीत यायचा. कसं सावरणार हेही अंदाज्याला ठाऊक होतं. 'पुढच्या टकटकीचा अंदाज करता येतो.' रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, कुणाशी भांडण झालंय काय?"

शेवटी ईश्वरीला फोन केला. ईश्वरी माझी मुलगी, नॉर्वेत असते. तिकडे दिवस असला की इकडे मी झोपायच्या बेतात असतो, त्यामुळे आमचं बोलणं एकजण जांभया देत असतानाच होतं.

"अप्पा, मी केलं असतं हो, पण ज्याचं खातं त्याचाच हात, असा नियम आहे." मग म्हणाली, "एक विचारू? बोटं मारताना तुम्ही डोक्यात लेहरा धरता का?"

"धरत नाही. असतोच."

"आईचा?"

"मग काय त्या यंत्राचा?"

"मग तुम्ही लयीत येणारच. तो बंद करा, अप्पा. थोड्या वेळापुरता. काहीच ऐकू येत नाही असं करा आणि मग मारा."

लहानपणी ही पोर आमच्या दोघांच्या मधे चटईवर झोपायची, तबला आणि पेटी चालू असताना. तिला सगळं माहीत होतं. म्हणूनच मला राग आला.

"बंद करायला तो पंखा आहे काय?" असं म्हणून मी फोन ठेवला. मग वाईट वाटलं, पण परत केला नाही.

---

दिवाळी तोंडावर आली. गल्लीत आकाशकंदील लागले. माझ्या दारात काही नव्हतं, कारण कंदिलाचं गिरिजाच बघायची.

एका दुपारी डबा परत देऊन आलो आणि बैठकीत बसलो. फोन समोर ठेवला, माइकचं चित्र दाबलं. पुढ्यात पाट घेतला. डोळे मिटले आणि ठरवलं, बंद करायचा.

सुरुवातीला तो जाईना. मी पेटीचा भाता मिटतो आहे असं मनाशी धरलं. एक एक स्वर खाली ठेवला. मग कसा कुणास ठाऊक, पण तो थांबला. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या डोक्यात काही वाजत नव्हतं. बाहेर दूधवाल्याची गाडी गेली, ती नुसती गेली, कुठल्या मात्रेवर गेली हे मला कळलं नाही. घर एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी समजलं. माझे हात पाटावर होते आणि त्यांना कुठे जायचं ते माहीत नव्हतं. मी एकही बोट मारलं नाही. मी घाबरलो.

म्हटलं, मरू दे ते खातं. लेहरा परत धरू.

तो येईना.

मी पहिला स्वर आठवायला गेलो तर दुसराच आला. सुरुवात षड्जावरून की मध्यमावरून? निषाद कुठे लागतो? हजारो वेळा ऐकलेली चाल, आणि तिचा शेंडा हाताला लागेना. खात्यात शिरता येत नव्हतं. आमचे जाहीर धडे त्याच खात्यातले, बदल सुरू झाल्यापासून तेही दिसेनासे झालेले. माझ्या डोक्यातली एकच प्रत उरली होती आणि ती मी माझ्या हाताने मिटवली होती. मी ईश्वरीवर, निखतबाईंवर, सरकारवर, जमेल तितक्या लोकांवर चिडलो. आणि मग रडलो. लाज कसली, घरात होतं कोण?

कोपऱ्यात गिरिजाची पेटी होती, वर तिनेच विणलेलं झाकण. ती गेल्यावर मी पेटी पुसली होती, उघडली नव्हती. ती उघडून पुढ्यात ओढली. मला पेटी येत नाही. तबलजींना वाटतं येते, कारण शेजारी बघितलेली असते. भाता मारायला गेलो तर सूर रडका निघाला. एका बोटाने पट्टी दाबली. ही नव्हे. शेजारची. हीपण नव्हे. वर गेलो, खाली आलो. एक जागा ओळखीची वाटली म्हणून तिथे थांबलो, तर पुढचं सापडेना. भाता संपला. परत मारला. दोन स्वर जुळले, तिसऱ्याने घात केला. लहान मुलं पाहुण्यांकडे गेल्यावर पेटी बडवतात तसं माझं चाललं होतं, फरक इतकाच की मी तिला शोधत होतो.

किती वेळ गेला कळलं नाही. चार-पाच स्वर ओळीने आले. तेच होते. पुढचे दोन धडपडत आले. सोळा मात्रा काही झाल्या नाहीत, नऊ-दहा झाल्या असतील, वाकड्यातिकड्या. पण सुरुवात सापडली.

तेवढ्यात फोन वाजल्यासारखा झाला. तो मघापासून ऐकत पडला होता हे मी विसरूनच गेलो होतो. पडद्यावर होतं:

'हा हात अनोळखी आहे. अंदाज करता आला नाही. पासवर्ड तयार झाला.'

खाली लांबलचक अक्षरांची माळ आली. वाचायच्या आत तिचे ठिपके झाले आणि ती तिजोरीत गेली. मी अंगठा लावला. खातं उघडलं. घाईत बोट घसरलं आणि भलतंच मुद्रण लागलं.

"हं, चला," गिरिजा म्हणाली.

ऊन होतं तरी मी उठून दिवा लावला.

---

निखतबाईंना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग हातातल्या रुमालाची उगाच घडी घालत राहिल्या.

"तुम्हाला पेटी येत नाही हे कुणालाच माहीत नव्हतं बघा, मास्तर. अंदाज्यालाही नाही."

"गिरिजालाही नाही," मी म्हणालो. "तिच्यासमोर मी कधी हात लावला नाही."

"आता मात्र एक ऐका. हा पासवर्ड सहा महिने चालतो. त्यानंतर नवा करायचा, आणि दरवेळी अनोळखी हात लागतो. तेवढी पेटी शिकू नका बरं."

मी हो म्हणालो. शब्द पाळायचा विचारही होता. पण संध्याकाळी मुद्रण लावलं की पेटी समोर दिसायची. तिचा स्वर ऐकायचा, थांबवायचं, आपण दाबायचा. पहिल्याने बोटं अडखळायची. तबल्याला झटका लागतो, पेटीला तो चालत नाही, हे हाताला पटवायलाच थंडी सरली. ईश्वरीला फोनवर ऐकवलं तर ती म्हणाली, "अप्पा, कुत्री भुंकायला लागतील." पुढच्या वेळी म्हणाली, "बरं आहे." त्यानंतर एकदा ऐकवलं, तर तिकडे बर्फ पडतंय एवढंच म्हणाली.

एकट्याने लेहरा वाजवणं म्हणजे तसा वेडेपणाच. घर दाखवायचं आणि घरी येणारं कुणी नाही. पण सारखा वाजवत राहिलो तर गिरिजा इतकी वर्षं तिथे बसून काय करत होती ते जरा कळू लागलं. मी भटकत असताना तिला कुठेही जाता येत नव्हतं. तिने कधी कुरकुर केली नाही, फक्त चूल होती म्हणून थोडी घाई केली.

अक्षय्य तृतीया जवळ आली, पासवर्ड बदलायची मुदत आली. मी पेटी रिक्षात घालून वाचनालयात नेली. निखतबाईंनी कपाळाला हात लावला.

"शिकलात ना शेवटी?"

"थोडीशी. अजून कच्चा आहे. चालून जाईल."

त्यांनी माइकचं चित्र दाबलं. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, कुंभोजे काकू तेवढ्या चष्मा शोधायला आल्या होत्या, त्याही बसल्या. मी भाता उघडला आणि चंद्रकंस धरला. सोळा मात्रा, पुन्हा सोळा. चांगला वाजला म्हणणार नाही. थांबलो नाही एवढंच.

यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग ओळ आली. निखतबाईंनी ती वाचली आणि फोन माझ्याकडे वळवला.

'हा हात गिरिजा हिरेमठ यांचा आहे. पुढच्या टकटकीचा अंदाज करता येतो. पासवर्ड तयार करता आला नाही.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला. अंदाज्याने धडे ऐकले होते, त्यातला लेहराही ऐकला होता. कुणी तिच्याकडे बघितलं नाही असं मी समजत होतो, आणि याने ऐकून ठेवलं होतं.

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "आता हो? मुदत थोडीच उरलीय. दुसरं काय येत नाही तुम्हाला?"

"भाकरी," मी म्हणालो. "भाकरी थापता येत नाही."

"मग ज्वारीचं पीठ आणा की. परात मी देते." त्यांनी पडदा पुसायला बोट पुढे केलं.

"थांबा," मी म्हणालो. "तेवढं राहू द्या जरा."

त्यांनी बोट मागे घेतलं. कुंभोजे काकूंनी चष्मा शोधायचं सोडून दिलं होतं. मी भाता उघडला आणि लेहरा पहिल्यापासून धरला. खाली उलटली, आणि माझा हात केसभर पुढे सरकला. यंत्राने तिचं नाव पुन्हा लिहिलं.